निवडून वाढणे



चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेच्या बाई दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात आल्या. मुलांना आपल्या भागातील जुन्या विहिरींविषयी सांगावे, असे त्यांच्या मनात होते. मोट म्हणजे काय, ती बैल कसे ओढीत, विहिरीला पायऱ्या कशासाठी बांधीत, अशा साध्याच गोष्टी. दोन रात्री त्यांनी मोबाईलवर शोधण्यात घालवल्या होत्या. बाई मला म्हणाल्या, "सर, नेटवर सगळं आहे म्हणतात. मग मला उद्याच्या तासाला लागतं तेवढंच कसं सापडत नाही?"

मी मराठीचा एम. ए. संगणकाशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. तरी पाहुण्यासमोर हात टेकायचे कसे, म्हणून मीही त्यांच्याबरोबर शोधायला बसलो. राजस्थानातील बावड्यांची सुंदर छायाचित्रे निघाली. कूपनलिका खोदून देणारांच्या जाहिराती निघाल्या. कुणाच्या सहलीचे फोटो निघाले. आणि आमच्याच जिल्ह्यातील, साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीविषयी एकच परिच्छेद आठ-नऊ ठिकाणी निघाला. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. लिहिणाराचे नाव मात्र कुठेच नाही.

बाईंच्या त्या प्रश्नातून आमचे एक लहानसे संकेतस्थळ निघाले, आणि त्या संकेतस्थळाने मला जे काही शिकवले तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे. विषयाचे इंग्रजी नाव मोठे भारदस्त आहे : 'कंटेंट क्युरेशन'. आपल्या संकेतस्थळाकडे वाचक यावेत, आलेले टिकावेत आणि त्यांनी आणखी चारजणांना आणावे, म्हणून इतरांनी लिहिलेल्या चांगल्या मजकुराची निवड करून ती आपल्या टिपणीसह मांडणे, एवढाच त्याचा अर्थ. 'क्युरेटर' हा शब्द आपण वस्तुसंग्रहालयाच्या संदर्भात ऐकलेला असतो. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ काळजी घेणे, निगा राखणे असा आहे. गोळा करणे असा तो नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या. पण प्रेक्षकांपुढे मांडलेल्या असतात त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास. वीसच्या वीस हजार एकदम मांडल्या असत्या तर माणूस दुसऱ्याच दालनात थकून बाकावर बसला असता. शिक्षकांना हे सांगायला नको. सहलीला मुले नेणाराला तो बाक चांगला ठाऊक असतो.

नाव नवे असले तरी काम आपल्याकडे जुने आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती' या ग्रंथाच्या आरंभीच असे सांगितले आहे की, कोटी गाथांतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा शब्दशः घेऊ नये हे उघड आहे. पण दोन गोष्टी मला त्यात महत्त्वाच्या वाटतात. एक, निवडणारा आपला अभिमान कशात सांगतो? तर किती टाकले त्यात. दुसरी, या ग्रंथाच्या काही टीकाकारांनी गाथांपुढे त्या त्या कवीचे नाव नोंदवून ठेवले. राजाच्या नावाच्या ग्रंथात हे सामान्य कवी नावानिशी उरले, ते त्या नोंदींमुळे.

त्याहून जवळचे उदाहरण परशुरामपंततात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'चे. १८५४ साली त्यांनी मराठी कवितांचे वेचे निवडून हे पुस्तक सिद्ध केले. मुक्तेश्वर, वामन पंडित, मोरोपंत हे कवी तोवर बव्हंशी पोथ्यांत आणि पुराणिकांच्या मुखात होते. संपूर्ण मोरोपंत वाचायला किती जण धजले असते? गोडबोल्यांनी घागरीतले लोणी काढून वाटीत दिले, आणि शाळेत जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना जुनी कविता त्या वाटीतून मिळाली. तेव्हा 'क्युरेशन'ला मराठीत शब्द शोधत बसायचे कारण नाही. 'वेचे' हा शब्द आहेच.

आता आमची कहाणी. ती फारशी भूषणावह नाही, पण सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत संकेतस्थळ उभे करून दिले. मी आणि आमचे ग्रंथपाल असे दोघे त्याचे संपादक झालो. उत्साह असा की, पहिल्या तीन महिन्यांत आम्ही दिसेल ते उचलले. वर्तमानपत्रातला चांगला लेख दिसला, घे. कुणी मोबाईलवर पाठवलेली गोष्ट आवडली, घे. संपूर्ण लेख आमच्या पानावर, खाली 'साभार' असा एक शब्द. कुणाचे आभार, तेही आम्ही लिहीत नव्हतो. वाचक वाढले. पहिल्या महिन्यात रोज दहा-वीस येत, ते शंभरावर गेले. ग्रंथपाल रोज सकाळी आकडा पाहून मला सांगत, आणि दोघांनाही चहा जरा गोड लागे.

मग एक पत्र आले. खरेखुरे, पोस्टाने आलेले आंतरदेशीय पत्र. लिहिणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, वय ऐंशीच्या पुढचे. अक्षर मोत्यासारखे. लिंबच्या विहिरीवरचा जो परिच्छेद आठ-नऊ ठिकाणी फिरत होता आणि आम्हीही उचलला होता, तो मूळ त्यांचा. कुठल्याशा स्मरणिकेत पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी लेख लिहिला होता. नातवाने मोबाईलवर आमचे पान दाखवले तेव्हा त्यांना तो ओळखू आला. त्यांनी नावाची तक्रार केली नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच होते : "माझ्या लेखात शके १६४१ ते १६४६ असे आहे. आपण सन १६४१ ते १६४६ छापले आहे. माझे नाव राहिले तरी चालेल, पण शके शके राहू द्यावे. मुले वाचतात."

माझ्या कानाची पाळी तापली. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, हे आम्ही शाळेत शिकलेले. म्हणजे विरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर १७१९ ते १७२४ या काळातली, साताऱ्यास शाहू महाराज गादीवर असतानाची. आम्ही ती एका शब्दाने अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे ढकलली होती, शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते त्या काळात! पहिल्या उचलणाराने 'शके'चे 'सन' केले, दुसऱ्याने ते उचलले, तिसऱ्याने दुसऱ्याचे, आणि कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने तिसऱ्याचे. विहिरीवर शिलालेख आहे. आमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे अंतर. आम्ही गेलो नव्हतो.

त्या रविवारी गेलो. विहीर कधी पाहिली नसेल तर अवश्य पाहा. पायऱ्या उतरून आत गेले की विहिरीच्या पोटातच बांधलेला छोटा महाल लागतो, आणि वर मोटांच्या जागा. शिलालेखाचा फोटो घेतला. परत येऊन पानावर दुरुस्ती केली, गुरुजींचे नाव घातले, आणि त्याखाली आधी काय चूक छापली होती तेही लिहिले. हे शेवटचे ग्रंथपालांना पटत नव्हते. "सर, चूक काढून टाकली की झालं. सांगायची कशाला?" मी म्हटले, आठ ठिकाणी तीच चूक अजून उभी आहे. वाचकाला दोन्ही दिसली तर खरे कुठले ते त्याला कळायला नको का?

मग आम्ही बसून सगळे पान धुऊन काढले. दुसऱ्याचे पुरे लेख उतरवले. ठरवले की, दर आठवड्याला फक्त पाच गोष्टी द्यायच्या. प्रत्येकीत मूळ लेखकाचे नाव, तो कुठे छापला आहे ते, आणि मूळ पानाचा दुवा. आपले चार-सहा वाक्यांचे टिपण. एवढेच. दुवा म्हणजे काय हे ज्या श्रोत्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवले की आपण थेट मूळ मजकुराच्या पानावर जातो, त्या शब्दाला दुवा म्हणतात.

ग्रंथपालांची शंका रास्त होती. म्हणाले, "म्हणजे आलेल्या पाहुण्याला आपण दारातूनच दुसऱ्याच्या घरी पाठवायचं? मग आपल्याकडे राहील कोण?"

या शंकेचे उत्तर मला एका परदेशी प्राध्यापकाच्या उद्योगात सापडले. डेनिस डटन हे मूळचे अमेरिकेचे. त्यांच्या घरच्यांची कॅलिफोर्नियात पुस्तकांची दुकाने होती. पुढे ते न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात, कँटरबरी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत. त्यांचा आपल्याशी थोडा ऋणानुबंधही आहे : तरुणपणी, १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे ते भारतात राहिले होते आणि येथे सतार शिकले होते. १९९८ मध्ये त्यांनी 'आर्ट्स अँड लेटर्स डेली' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. जुन्या काळच्या वर्तमानपत्रासारखे दिसणारे एक पान. तीन स्तंभ : एकात वाचनीय लेख, एकात नव्या पुस्तकांची परीक्षणे, एकात निबंध आणि मते. प्रत्येक नोंद दोन-चार ओळींची आणि शेवटी मूळ लेखाकडे जाणारा दुवा. आठवड्यातून सहा दिवस नवी भर. एका ओळीत सांगायचे तर, पानावर त्यांचा स्वतःचा लेख जवळपास नाहीच, आणि प्रत्येक नोंद वाचकाला दुसरीकडे पाठवणारी.

या पानाला जगभर वाचक मिळाले. जगाच्या नकाशावर एका कोपऱ्यात असलेल्या शहरातून चालवलेले हे पान इतके नावारूपाला आले की, ज्या प्रकाशन कंपनीकडे ते गेले होते ती बुडाल्यावर २००२ मध्ये 'द क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन' या अमेरिकेतील उच्च शिक्षणविषयक नियतकालिकाने ते विकत घेतले. डटन २०१० मध्ये वारले. संकेतस्थळ पुढे चालू राहिले.

वाचक दुसरीकडे जातो आणि तरी परत येतो, याचे कारण काय? मला वाटते, एस. टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत त्याचे उत्तर आहे. त्या खिडकीपाशी कुणी मुक्कामाला येत नाही; सगळे तिथून दुसरीकडेच जातात. पण खिडकीतल्या माणसाने गाडी बरोबर सांगितली की पुढच्या खेपेला आपण पुन्हा तिथेच जातो. त्याने दोनदा चुकीची सांगितली की आपण पानपट्टीवाल्याला विचारू लागतो. वाचक जो परत येतो तो मजकुरासाठी येत नाही, मजकूर तर दुसऱ्याकडे आहे. तो निवडणाराच्या नजरेसाठी येतो. आपला वेळ या माणसाने वाचवला, याची त्याला आठवण राहते.

म्हणून टिपणाला महत्त्व. हे टिपण कसे असावे, याविषयी माझी मते आता जरा कडवी झाली आहेत. 'अवश्य वाचावा असा अप्रतिम लेख' हे टिपण नव्हे. तो भाटाचा पुकारा झाला. टिपणात हा लेख कुणाच्या उपयोगाचा, त्यात कोणती गोष्ट नवी, आणि कुठे जपून वाचावे, हे आले पाहिजे. एक नमुना सांगतो. विश्वकोशातील एका नोंदीविषयी आम्ही असे लिहिले होते : 'मोटेविषयीची माहिती. भाषा प्रौढ आहे, मुलांना जशीच्या तशी वाचून दाखवू नये. आधी फळ्यावर मोटेचे चित्र काढावे आणि सोंदूर, नाडा हे शब्द गावातल्या एखाद्या आजोबांकडून मुलांनाच विचारून आणायला सांगावेत.' एवढ्या तीन ओळींवर मला सात शाळांमधून फोन आले. एका शाळेतली मुले तर आजोबांनाच वर्गात घेऊन आली.

मथळ्याविषयीही तेच. 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' असला मथळा एकदा वाचक आणतो, दुसऱ्यांदा शंका आणतो, तिसऱ्यांदा कुणालाच आणीत नाही.

शिक्षकबंधूंना एक विचारावेसे वाटेल : एवढा खटाटोप कशाला? आपण रोज मोबाईलवर चांगले काही आले की गटात पुढे पाठवतोच की. पाठवतो, खरे. पण पुढे ढकलणे आणि निवडणे यांत फरक आहे. ढकलणाराने पुष्कळदा ते वाचलेलेही नसते. या ढकलाढकलीतून अफवा पसरून माणसे मेली, तेव्हा २०१८ मध्ये व्हॉट्सॲपला भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घालावे लागले. निवडणारा मजकुराखाली जणू सही करतो. सही करायची म्हटली की माणूस दोनदा वाचतो; मी तरी त्या पत्रानंतर वाचू लागलो.

दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा आणून भरला तर वाचक वाढतात, हा आमचा पहिल्या तीन महिन्यांतला समजही तात्पुरताच खरा होता. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या शोधाच्या पद्धतीत एक बदल केला. 'पांडा' या नावाने तो प्रसिद्ध आहे. इकडून तिकडून उचललेला किंवा वरवरचा मजकूर भरून वाचक ओढणारी जी संकेतस्थळे होती ती या बदलाने शोधाच्या यादीत एकदम खाली गेली. तेव्हापासून ही चाळणी अधिकाधिक बारीक होत आली आहे. जिथे मूळ मजकूर आहे ते पान आणि त्याची नक्कल असलेले पान, यांत नकलेला वर ठेवायचे कारण शोधयंत्राला उरत नाही. यंत्राला नीती नसते, पण नक्कल त्याला ओळखू येते. दुवा आणि स्वतःचे टिपण असलेले पान मात्र स्वतंत्र लेखन ठरते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखक हयात असेतोवर आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याचा, त्याच्या वारसांचा किंवा त्यांनी ज्यांना हक्क दिले त्यांचा अधिकार असतो. समीक्षा किंवा परीक्षण करताना थोडा उतारा घ्यायला कायद्याने वाव दिला आहे. सबंध लेख उचलायला नाही. 'साभार' हा शब्द खाली लिहिला म्हणजे परवानगी मिळाली, असे कायदा कुठेही म्हणत नाही. आम्हाला ते ठाऊक नव्हते, असे म्हणायलाही मी धजणार नाही. ठाऊक होते. सोयीचे नव्हते.

आता जिथून निवडायचे ते भांडार केवढे आहे, हे आपल्या शिक्षकांना पुरेसे माहीत नाही असे मला वारंवार दिसते. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके मिळतात. जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे मिळतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. आणि अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ तर निवडीचा एक नमुनाच आहे. आय. आय. टी.तून अभियंता झालेला हा माणूस काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करू लागला. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची कृती तर आहेच, पण शिक्षण आणि विज्ञान यांवरची मराठी, हिंदी, इंग्रजी अशी हजारो पुस्तकेही त्यांनी वेचून ठेवली आहेत. जाहिरातीचा झगमगाट नाही. तिथे एकदा गेलेला शिक्षक पुन्हा जातो, एवढे मी आमच्या तालुक्यापुरते पाहिले आहे.

परंतु भांडार मोठे असले की माणूस दारातच घुटमळतो. बाईंचे तेच झाले होते. विश्वकोशात मोट होती, पण ती तिथे आहे हे सांगणारे कुणी नव्हते.

वेळेचाही एक धडा आम्हाला मिळाला. पहिल्यांदा आम्ही सवड होईल तेव्हा, बहुधा रविवारी रात्री, पान बदलत होतो. वाचक येत आणि विसरत. एका गुरुजींनी सुचवले, "सर, शनिवारी आमची सकाळची शाळा असते. त्या दिवशी पोरांना पुस्तकाबाहेरचं काही सांगायला सवड सापडते. शुक्रवारी संध्याकाळी द्या." आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सात ही वेळ धरली. आपण एकदा वेळ पाळू लागलो की वाचक त्या वेळेची वाट पाहू लागतो. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे मी काय सांगावे? बातम्यांवर घड्याळ लावणारी घरे मी लहानपणी पाहिली आहेत.

सुरुवातीला वाचक किती असावेत याची चिंता करू नये. मारिया पोपोव्हा या मूळच्या बल्गेरियातील तरुणीने २००६ मध्ये अमेरिकेत शिकत असताना, कामावरच्या फक्त सात सहकाऱ्यांना आठवड्याला एक निवडक पत्र पाठवायला आरंभ केला. जुनी पुस्तके, विस्मृत निबंध, शास्त्रज्ञांची पत्रे यांतले वेचे आणि त्यावर तिचे टिपण. त्याचे पुढे मोठे संकेतस्थळ झाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते आपल्या कायमच्या संग्रहात जतन करण्यासाठी निवडले. आता त्याचे नाव 'द मार्जिनेलियन' आहे, म्हणजे पुस्तकाच्या समासात लिहिलेल्या टिपा. तिच्या आणि आमच्या कामाची तुलना करण्याचा उद्देश नाही. सात हा आकडा मात्र आम्हाला धीर देऊन गेला.

आमचे वाचक दुसऱ्या वर्षी आधी कमीच झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सबंध लेख आयते मिळेनासे झाल्यावर शंभरावरून आम्ही चाळिसांवर आलो. ग्रंथपालांचे तोंड उतरले. पण ते चाळीस वेगळे होते. आकडे पाहताना आम्ही किती आले हे बघायचे सोडून किती परत आले हे बघू लागलो. दर शुक्रवारी तेच येत. मग त्यांच्या शाळेतले दुसरे शिक्षक, केंद्रातल्या परिषदेत त्यांना भेटलेले तिसरे. शेजारच्या तालुक्यातून विचारणा आली. ज्यांचे लेख आम्ही दुव्यासह दाखवत होतो त्यांतल्या दोघा-तिघांनी आपल्या पानावर आमचा उल्लेख केला, आणि तिकडून वाचक आले. उचलेगिरीच्या काळात एकाही लेखकाने आमचा उल्लेख केला नव्हता. का करावा? पहिल्या वर्षीचा आकडा ओलांडायला आम्हाला दीड वर्ष लागले.

एक कष्टाचे काम कुणाला दिसत नाही, तेही सांगून ठेवतो. दुवे मरतात. ज्या पानाकडे आपण बोट दाखवलेले असते ते पानच एक दिवस नाहीसे होते. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ मध्ये जी पाने अस्तित्वात होती त्यांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडत नव्हती. विहीर तीनशे वर्षे टिकते आणि विहिरीवरचा लेख दहा वर्षे टिकत नाही! आम्ही दर सुट्टीत जुने दुवे तपासतो. मेलेला दुवा दिसला तर 'इंटरनेट आर्काइव्ह' या १९९६ पासूनच्या संस्थेच्या भांडारात त्या पानाची प्रत आहे का ते पाहतो, पुष्कळदा असते. नसली तर नोंद काढून टाकतो. वाचक दारापर्यंत जाऊन बंद दार पाहून परतला की पुढल्या वेळी तो आपल्यावर विसंबत नाही.

आणि कधी कधी निवडायला काही नसतेच, तेव्हा काय करावे? आमच्या भागातल्या मेंढपाळांच्या वाड्याविषयी, इथल्या जुन्या तलावांविषयी, शाळेच्या पहिल्या पटावरच्या मुलींविषयी नेटवर कुणी लिहिलेलेच नाही. अशा वेळी निवडणाराला लिहिणारा व्हावे लागते, किंवा लिहिणारा शोधावा लागतो. आंतरदेशीय पत्र पाठवणारे गुरुजी आम्हाला असेच लाभले. त्यांच्याकडे तालुक्यातल्या विहिरींची एक वही आहे. प्रत्येक विहिरीचे नाव, बांधणाराचे नाव, लेख असेल तर त्याचा उतारा, पाणी किती महिने टिकते, सारे काही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत जिथे जिथे बदली झाली तिथल्या विहिरी त्यांनी पाहून लिहून ठेवल्या. आमचा विद्यार्थी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो, दोन विहिरी उतरवून आणतो. त्या पाचांतली एक जागा आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. लेखाखाली त्यांचे पूर्ण नाव असते. पहिल्यांदा ते छापलेले पाहिल्यावर ते नातवाला एवढेच म्हणाले, "शके बरोबर आहे का बघ."

प्रारंभी ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांची मधे बदली झाली. नव्या गावात नेट नीट चालत नाही. त्या दर शुक्रवारी संध्याकाळी पुलापर्यंत चालत येतात, तिथे पान उघडून उतरवून घेतात आणि परत जातात. मागच्या महिन्यात त्यांनी कळवले की, पाच टिपणांतले एक आम्ही न वाचता लिहिले असावे, कारण त्या लेखात शेवटी निराळेच म्हटले आहे. त्यांचे म्हणणे खरे निघाले. ते टिपण ग्रंथपालांचे की माझे, याविषयी आमच्यात अजून मतभेद आहे.

आज शुक्रवार. या आठवड्याचे चार वेचे निवडून झाले आहेत. पाचव्यासाठी दोन लेख समोर आहेत, दोन्ही बरे आहेत, आणि सात वाजायला फार वेळ उरलेला नाही.